द्राक्षाच्या सालीतलं औषध

दादा दाढी करून आला, तेव्हा हनुवटीवरच्या बारीकशा कापातून येणारं रक्त थांबायचं नाव घेत नव्हतं. हृदयाच्या दुखण्यानंतर माझ्या या भावाला रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज लागते. त्यात त्याने हल्ली रेसव्हेराट्रॉलच्या कॅप्सूल सुरू केल्या होत्या.

"डॉक्टरांना विचारलंस?"

"अगं, द्राक्षाच्या सालीतलं तर आहे. हृदय तरुण राहतं म्हणे."

जास्त जगण्याची इच्छा किती निरागस दिसते! मी डॉक्टरांना फोन केला.

"दोन्ही एकत्र? त्या कॅप्सूलनेही रक्त पातळ होतं. त्या थांबवा आणि त्यांना लगेच घेऊन या."

रिक्षात दादाने माझा हात घट्ट धरला. त्याची बाही वर सरकली. दंडावर निळेजांभळे डाग होते. कुठे लागलं, ते त्याला आठवत नव्हतं.