डी ड्राइव्हमधली लग्नं

वर्तकनगरच्या त्या जुन्या चार मजली इमारतीत घोन्सालविस आडनाव विचारत कुणी आलं, तर खालचा इस्त्रीवाला जरा विचारात पडतो. पण ‘पत्रिकावाल्या बाई’ म्हटलं, की हातातली इस्त्री न ठेवताच हनुवटीने वर दाखवतो. तिसरा मजला, डावीकडे, दारावर क्रूस आहे ते घर. लिफ्ट नाही.

हेझल घोन्सालविस लग्नाच्या निमंत्रणपत्रिका छापण्यासाठी जुळवते. गळ्यात क्रूस, समोर पडद्यावर गणपती, असं तिचं तीसेक वर्षं चालू आहे. कुणाचं कुलदैवत आधी येतं, कोणत्या घरात धाकट्या काकाचं नाव चुकून थोरल्याच्या वर गेलं तर हळद लागण्याआधीच रुसवे सुरू होतील, हे तिला तोंडपाठ. पत्रिकेच्या तळाशी लहान मुलांच्या नावांची ओळ असते, तिला किलबिल म्हणतात. ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!’ ही ओळ हेझल अजूनही दरवेळी नव्याने टाइप करते. आयती चिकटवत नाही. मुलांची नावं कुणी तपासत नाही, म्हणून तीच दोनदा तपासते.

हे सगळं ती शिकली जांभळी नाक्याजवळच्या रामाभाऊंच्या छापखान्यात. कॉन्व्हेंट शाळेत शिकलेली विशीतली मुलगी रामाभाऊंनी प्रुफं वाचायला बसवली. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापलेल्या प्रुफावर बोट फिरवत ऐकायचं, आणि चूक दिसली की टेबलावर पेन्सिलीने टक् करायचं. रामाभाऊ दोन गोष्टी सारख्या बजावायचे. एक, नजर सरावली की प्रूफ शेवटून वाच. दोन, तीच ओळ दुबार पडलेली दिसली की काट मारून मोकळी हो, तिच्यावर विचार करत बसू नकोस. शिशाच्या अक्षरांचे खिळे गेले, कॉम्प्युटर आले, पुढे छापखानाही बंद झाला. जाताना रामाभाऊंनी तिला मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर दिलं. ते बनवणारी कंपनीसुद्धा आता राहिलेली नाही. सॉफ्टवेअरची मूळ तबकडी केव्हाच खराब झाली होती. त्याची एकच प्रत जगात उरली होती, ती हेझलच्या कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हमध्ये. आजवर जुळवलेली सगळी लग्नंही तिथंच.

दोन वर्षांपूर्वी सिल्वेस्टरला, तिच्या नवऱ्याला, अर्धांगाचा झटका आला. कोलशेतच्या कारखान्यात फिटर होता. घरातला पंखा, मिक्सर, शेजाऱ्यांच्या कड्या, काही त्याच्या हातून सुटायचं नाही. आता उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. एखादा शब्द निघतो, तोही मोठ्या कष्टाने. डाव्या हाताशी एक चमचा ठेवलेला असतो. काही हवं असलं की तो पलंगाच्या लोखंडी कठड्यावर टक् टक् करतो. पाणी, टक् टक्. कूस, टक् टक्. खिडकीतून ऊन आलं, टक् टक्. सकाळी कलावती नावाची बाई येते ती आंघोळ घालण्यापुरती. त्याला उचलायला दोघी लागतात, म्हणून तेवढ्या वेळातही हेझलला खाली उतरता येत नाही. भाजी दोरी सोडून वर घ्यायची. चर्चमधली मिस्सा फोनवर ऐकायची. चमच्याचा तो आवाज कानात इतका बसला होता, की कुकरची शिट्टी वाजायच्या आधी झाकण थरथरलं तरी ती अर्धी उठायची.

बाहेरचं जग घरात यायचं ते पत्रिकांतून. आणि एका शुक्रवारी, दुरुस्तीसाठी लाईट घालवतात तशी गेली, यूपीएसने मान टाकली, आणि लाईट परत आल्यावर कॉम्प्युटर उठलाच नाही. काळा पडदा, कोपऱ्यात लुकलुकणारी पांढरी रेघ.

आत धाकूशेठच्या मुलीची, अक्षदाची, पत्रिका अडकली होती. कोलशेतचं घर, तीन भाऊ, आणि नावं इतकी की कागदाला मावेनात. तिन्ही भावांनी फोनवरून नावं सांगितली, बदलली, एकमेकांवर डाफरले, आणि अखेर गुरुवारी सगळ्यांचं एकमत झालं. आता ती नावं पुन्हा विचारणं म्हणजे ते भांडण पुन्हा लावणं. डोंबिवलीचा सुदेश पत्रिका छापायचा. त्याने सांगून टाकलं, “ताई, रविवारी संध्याकाळपर्यंत फाईल आली तर आली. सोमवारी मशीनवर दुसऱ्याचं काम चढतंय.”

दुरुस्तीच्या दुकानात फोन केला. “माणूस आत्ता नाही, मॅडम. सीपीयू घेऊन या.”

“मला घर सोडता येत नाही हो.”

“मग बुधवारी बघू. आणि आतला डेटा वाचेल याची गॅरंटी नाही हां, आधीच सांगतो.”

ऑलिव्हरने, तिच्या मुलाने, नाताळात एक पेनड्राइव्ह देऊन ठेवला होता. “कधी मेलाच तर यावरून नवीन ऑपरेटिंग सिस्टीम टाक. लहान पोर पण टाकेल.” तो घोडबंदर रोडला तेविसाव्या मजल्यावर राहतो. अंतर म्हणाल तर हाकेचं, पण मध्ये त्या रस्त्याचा ट्रॅफिक आहे.

शनिवारी दुपारी सिल्वेस्टरला पेज भरवून झाल्यावर हेझल कॉम्प्युटरसमोर बसली. ऑलिव्हरने सांगितलेलं बटण दाबलं. पडद्यावर यादी आली, कशावरून चालू करू? यादीत पेनड्राइव्हचं नाव होतं. तिने ते निवडलं. निळी खिडकी उघडली, भाषा विचारली, हो-नाही विचारलं, सगळं नीट चाललं होतं. मग डिस्क दाखवली. सी आणि डी, दोन्ही खाने जागेवर. डी दिसताच तिने क्रूसाची खूण केली, सी निवडला आणि पुढचं बटण दाबलं.

पुढे जाईना. खाली इंग्रजीत ओळ आली, या डिस्कवर सिस्टीम टाकता येत नाही.

टक् टक्.

ती उठली, त्याला पाणी पाजलं, उशी सारखी केली, परत आली. मागे गेली, पुन्हा पुढे आली. तीच ओळ. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. भाषा, हो-नाही, डिस्क, तीच ओळ. पेनड्राइव्ह काढून पाहिला, तर पुन्हा काळा पडदा आणि ती लुकलुकणारी रेघ. पुढे दार बंद, मागे भिंत. मधल्या जागेत एकच बटण होतं जे दाबता येत होतं, आणि त्यावर लिहिलं होतं, डिलीट.

तिने ऑलिव्हरला फोन लावून ती ओळ वाचून दाखवली.

“अगं मम्मा, सिंपल आहे. सगळं डिलीट मार, न्यू कर, नेक्स्ट कर. होऊन जाईल.”

“सगळं म्हणजे? डी पण?”

“डी पण. पूर्ण डिस्क कोरी केल्याशिवाय घेणार नाही तो. जुन्या पद्धतीची आहे ना ती.”

“अरे, माझं काम आहे त्यात!”

“काम कसलं, जुनी कार्डं. ज्यांची लग्नं लावलीस ना, त्यांची पोरं कॉलेजला गेली आता.”

“आणि सॉफ्टवेअर? ते परत कुठून आणू? ती कंपनी...”

“मम्मा, आता लोक फोनवर कार्ड बनवतात गं. तुझे डोळे गेले त्या पडद्यापायी. उद्या मी येतोच, लॅपटॉप आणतो, तो डबा भंगारात देऊन टाकू. पप्पांकडे बघ, आराम कर जरा.”

“आराम!” हेझल म्हणाली. “तुझ्या पप्पांना बघत आराम करू? तू कर एक दिवस.”

 ऑलिव्हर हळूच म्हणाला, “तसं नाही गं. मला हार्डवेअरमधलं खरंच जास्त कळत नाही. मी ग्रुपवर मित्रांना विचारलं, ते पण डिलीटच म्हणाले.”

फोन ठेवला, तर लगेच वाजला. धाकूशेठ.

“काय गो बाय, झाला का नाय माजा कारड?”

“होतंय, धाकूशेठ. उद्या.”

“उद्याचा परवा करू नको गो. मंजुळा माजे डोक्यावर बसलेय.” मंजुळा म्हणजे त्याची बायको. मागून तिचा आवाज आला, “तिला सांग, माजे भावाचा नाव खाली नको!”

“वरच आहे,” हेझल म्हणाली. वरच होतं. फक्त ते ‘वर’ कुठे आहे ते तिला आता दिसत नव्हतं.

तिने बटणावर बाण नेऊन ठेवला. उद्या ऑलिव्हर हेच करणार होता, प्रेमाने, आणि नंतर लॅपटॉप उघडून देणार होता. मग सकाळ म्हणजे कलावती, दुपार म्हणजे पेज, आणि दिवसभर तो चमचा. कोणी जिने चढून “बाई, जरा दोन नावं वाढवा” म्हणत येणार नाही.  तिने माउस सोडून दिला.

टक् टक्.

“आले रे, आले!” ती ओरडलीच. आजवर ती त्याच्यावर अशी ओरडली नव्हती. पलंगाशी गेली, तर त्याला काहीच नको होतं. तो नुसता तिच्याकडे बघत होता. मग चमचा त्याने कॉम्प्युटरच्या दिशेने उचलला.

“काय सांगू तुला?” ती खुर्ची ओढून बसली. “वाचून दाखवू?”

हे त्यांचं जुनं होतं. झटक्यानंतर वेळ जाईना, तेव्हा प्रत्येक पत्रिका ती त्याला मोठ्याने वाचून दाखवायची. छापखान्यासारखीच. त्याला मराठी वाचायचा कंटाळा, पण कान फिटरचा. ओळ कुठे अडखळली की चमचा वाजायचाच.

तिने पडद्याचे फोनवर फोटो काढले, आधी त्या अडलेल्या खिडकीचा, मग कॉम्प्युटर पुन्हा चालू करून त्या पहिल्या यादीचा, आणि पलंगाशी बसून वाचू लागली. नजर सरावली होती, म्हणून शेवटून. त्या अडवणाऱ्या ओळीखाली दिलेल्या कारणाचं शेवटचं वाक्य असं होतं, की नव्या पद्धतीने चालू झालेल्या कॉम्प्युटरला नव्या पद्धतीने आखलेलीच डिस्क लागते.

टक्.

“काय? ‘चालू झालेल्या’?” तिने पुन्हा वाचलं. चूक त्यात नव्हती. पण इतका वेळ ती डिस्कलाच दोष देत होती, आणि वाक्य तर कॉम्प्युटर कसा चालू केला त्याबद्दलही बोलत होतं.

मग यादी, तीही खालून. “डीव्हीडी. हार्डडिस्क. पेनड्राइव्ह. आणि वर पुन्हा पेनड्राइव्ह, ती दुबार पडलीय.”

टक्.

“अरे, दुबार आहे ती ओळ. सोड.”

टक्. टक्. या वेळी जोरात. कारखान्यात कुठल्याशा जोडणीवर अशीच हातोडी मारून तो म्हणत असेल, आधी बघ तर.

“बरं बाबा. अक्षर अक्षर वाचते.” तिने चष्मा पुसला. खालच्या ओळीत नुसतं पेनड्राइव्हचं नाव. वरच्या ओळीत तेच नाव, पण आधी चार इंग्रजी अक्षरं आणि दोन टिंबं. दुपारपासून ती वरचीच निवडत होती. खालची ओळ तिने पाहिली होती. पाहून, छापखान्यापासूनच्या सवयीने, मनातल्या मनात काट मारली होती.

“दुबार नाहीये रे,” ती म्हणाली. “एकाच पेनड्राइव्हला दोन दारं आहेत. वरचं नव्या पद्धतीचं, खालचं जुन्या.”

सिल्वेस्टरने चमचा खाली ठेवला.

तिने खालची ओळ निवडली. तीच निळी खिडकी, तीच भाषा, तेच हो-नाही. डिस्क आली. सी निवडला, फक्त सी पुसला, डीकडे बोटही नेलं नाही, आणि पुढचं बटण दाबलं. अडवणारी ओळ आली नाही. आकडा हळूहळू सरकू लागला. ती उभीच राहिली. मध्येच सिल्वेस्टरची कूस बदलली, डायपर बदलला, वरण टाकलं, आणि प्रत्येक वेळी परत येताना वाटत होतं की आता काळा पडदा दिसणार. दिव्यांच्या वेळेला कॉम्प्युटर उठला. अनोळखी रंगाचा पडदा, पण डी उघडला आणि आत सगळी लग्नं होती. रामाभाऊंचं सॉफ्टवेअर होतं. ते दोनदा कुरकुरलं आणि बसलं. अक्षदाची पत्रिका किलबिलपाशी थांबलेली होती.

रविवारी सकाळी ऑलिव्हर लॅपटॉप घेऊन आला. चालता कॉम्प्युटर पाहून म्हणाला, “डिलीट न मारता? कसं काय?”

“तुझ्या पप्पांना विचार.”

“ते काय सांगणार?”

“तेच तर,” ती म्हणाली. “आधी त्या लॅपटॉपवर माझा डी उतरवून घे. आणि मग जेवून जा. मटण-सोरपोटेल नाहीये, वरण आहे.”

दुपारी तो गेला. पत्रिका सुदेशकडे पाठवण्याआधी तिने ती धाकूशेठला फोनवर दाखवली. तिन्ही भाऊ खूश होते, मंजुळाचा भाऊ वर होता.

“बाय, हलदीला यायचा हां! दोगव या. गारी पाठवतों,” धाकूशेठ म्हणाला.

“बघू,” हेझल म्हणाली. गाडी तिसऱ्या मजल्यावर येत नाही, हे ती बोलली नाही.

मग शेवटचं वाचन. ती खुर्ची घेऊन पलंगाशी बसली आणि मोठ्याने वाचत गेली. कुलदैवत, आजी-आजोबा, काका, मामा, नावामागून नाव. सिल्वेस्टर डोळे मिटून ऐकत होता. “तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार उपस्थित राहून...”

टक्.

तिने ती ओळ पुन्हा पाहिली. काना, मात्रा, सगळं जागच्या जागी. “बरोबर आहे रे. चूक नाही.”

त्याने डोळे उघडले. ओठ वाकडे झाले, गळ्याची शीर ताणली, आणि बऱ्याच वेळाने शब्द आला. “तू.” मग आणखी एक. “जा.”

“हळदीला? आणि तुझ्याजवळ कोण बसेल?”

 त्याने चमचा पांघरुणावर ठेवून दिला. खाली इस्त्रीवाल्याने रेडिओ लावला होता, त्याचा आवाज खिडकीतून वर येत होता. हेझलने बोट ओळीवर ठेवलं आणि पुढची मुलांची नावं वाचायला लागली.