शिट्टी वाजली आणि पोरींनी रांग धरली

वडावरचं आग्या मोहोळ उठलं होतं आणि कॉलेजच्या पोरी त्याच वडाखाली रांगेत उभ्या होत्या. केंदूरच्या शाळेत त्यांचं श्रमदानाचं शिबिर होतं आणि स्वयंपाक माझ्याकडं होता. झाडून काढलेला ओला पालापाचोळा त्यांनी वडाच्या बुंध्याशीच पेटवला. धूर थेट मोहोळाला लागला. सरांनी घाबरून जोरात शिट्टी फुंकली. पळा, असं त्यांना सांगायचं होतं. पण शिबिरात उठायला, कवायतीला, जेवायला शिट्टीच वाजायची आणि ती वाजली की वडाखाली रांग धरायची. पोरींनी रांग धरली.

"पळा की गं भवान्यांनो! उभ्या काय ऱ्हायल्या?" मी ओरडले.

तेव्हा कुठं त्या शाळेच्या खोलीकडं पळाल्या. दौंडची एक मात्र जागेवरच खाली बसली. तिच्या डोक्यावर माश्यांचा थर होता. मी सतरंजी घेऊन धावले, दोघींच्या अंगावर ओढली आणि तिला धरून आडवी झाले.

शिरूरच्या दवाखान्यात आमच्या खाटा शेजारी होत्या. तिला धाप लागली होती. दुसऱ्या दिवशी ती बोलायला लागली, तेव्हा मी विचारलं, "का गं, माश्या दिसत व्हत्या ना तुला?"

"दिसत होत्या, आजी."

"मग?"

"शिट्टी वाजली ना. पाय आपोआप गेले." ओठ सुजलेले, तरी हसली. "आणि रांगेत पहिली मीच असते."

माझ्या घरात कितीही हाका मारल्या तरी कुणी जागचं हलत नाही. या पोरी इतक्या लवकर शिट्टीच्या कशा झाल्या, ते मला अजून कळलेलं नाही.

ती जगली. मीही जगले.