मानेसरच्या रस्त्यावरचा समुद्र

एखाद्या गोष्टीची वाट पाहावी तर माझ्या साडूंनी. या कामात त्यांचा हात धरील असा माणूस अख्ख्या दिल्लीत नाही, आणि दिल्लीत गुडगाव-नोएडा मिळवलं तरी सापडायचा नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, राहायला द्वारकेच्या एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर. जन्मभर फायलींवर शेरे मारत आलेला हा शांत गृहस्थ. पण मानेसरच्या रस्त्यावरच्या एका मनोरंजन उद्यानाने पत्र्याचं कुंपण घालून नवा विभाग बांधायला काढला, आणि साडू कामातून गेले. तिथे म्हणे समुद्राच्या तळाशी बुडालेलं एक अख्खं शहर होणार होतं. पाणबुडीत बसून आत शिरायचं, डोक्यावरून मासे जाणार, पडक्या राजवाड्यात आठ हातांचा राक्षस. "एकदा आत गेलात की हरियाणा संपला, साडूभाऊ! बिल्कुल संपला!" असं म्हणून त्यांनी मला पेढा भरवला. ज्या भागात पाण्याचा टँकर आला की लोक बादल्या घेऊन धावतात तिथे समुद्र होणार, याचा आनंद त्यांच्या पोटात मावत नव्हता.

दर रविवारी ते पाहणीला जात. आधी बस, मग कारखान्यातल्या कामगारांच्या मांडीला मांडी लावून शेअर ऑटो, आणि काखेत ऑफिसातली जाडजूड फाईल. फाईलमध्ये असायची नुसती वर्तमानपत्रातली कात्रणं. पण दिल्लीत फाईलवाल्या माणसाला कोण अडवणार? रखवालदार सलाम ठोकायचा, मुकादम खुर्ची आणि समोसा मागवायचा. साडू खोटं बोलले नाहीत. त्यांना कुणी काही विचारलंच नाही. एकदा समोसा खाता खाता ते सहज म्हणाले, "मछली इतनी पीली? बेसन में लिपटी लगती है." पुढच्या रविवारी जाऊन पाहतात तो मासा जांभळा! सत्तावीस वर्षांच्या नोकरीत आपल्या शेऱ्यावर एका आठवड्यात कारवाई झाल्याचं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. त्या दिवशी आम्हा सगळ्यांना त्यांनी श्रीखंड-पुरी खाऊ घातली.

अडचण एकच होती. पाणबुडीत बसायला चार फूट उंची हवी, असं कुंपणावरच्या फलकावर लिहिलेलं, आणि त्यांची एकुलती एक लेक मनू, वय वर्षं सात, चार बोटं कमी भरत होती. मग काय विचारता! सकाळी दूध, दुपारी खजूर, संध्याकाळी सोसायटीच्या बागेत दांड्याला लोंबकळणं. ऑफिसातून आल्यावर बूट काढायच्या आधी साडू तिला भिंतीला उभं करून मोजायचे. मेहुणी म्हणायची, "अहो, पोरगी आहे, दुधी भोपळा नाही रोज मोजायला." पण मनूलाच त्यात गंमत वाटायची. "बाबा, आज किती?" म्हणत ती टाचा उचलून उभी राहायची.

वर्षभरात मनूची चार बोटं भरली, ते बुडालेलं शहर मात्र काही पुरं होईना. फलकावर 'लवकरच' असं लिहिलेलं होतं. दिवाळीला उघडणार होतं ते होळीवर गेलं, होळीचं पुन्हा दिवाळीवर. मी चेष्टा केली की साडू उसळायचे, "सरकारी 'लवकरच' वेगळं, साडूभाऊ! हे प्रायव्हेट आहे. आता उदारीकरण आलंय!" तोवर त्यांनी घरातच रंगीत तालीम सुरू केली. दिवाणखान्यातला सोफा ही पाणबुडी, दिवे बंद, आणि दोन्ही हातांत लाटणी घेऊन पडद्यामागून मी राक्षस. चहाला आलेल्या पाहुण्यांनासुद्धा "वाका! वरून मासा येतोय!" असं दरडावून साडू वाकायला लावत. मनू सुरुवातीला किंचाळून हसायची. बारा वर्षांची झाली तेव्हा मात्र आतल्या खोलीतून तिचा आवाज आला, "बाबा, प्लीज यार, माझ्या फ्रेंड्स आल्यात." साडूंनी गुपचूप दिवे लावले.

त्यानंतरच्या रविवारी मीही त्यांच्याबरोबर गेलो होतो. विटांच्या ढिगावर उभं राहून आत बघता बघता ते एकदम म्हणाले, "उंचीची काळजी मिटली हो. आता वाटतं, हे उघडेपर्यंत ती मोठी होऊन बसायची. मग माझ्याबरोबर येणार कोण?" मी त्यांची फाईल माझ्या काखेत घेतली आणि हात देऊन त्यांना विटांवरून खाली उतरवलं.

शेवटी एकदाचं ते उघडलं. मनू तेराची झाली होती. ती येईल की नाही याचीच मला धास्ती होती, पण ती एका शब्दाने कुरकुरली नाही. रांगेत साडू पुढे, त्यांच्या मागे मनू, त्यामागे आम्ही. तेवढ्यात माझा मुलगा, जो मनूच्याच शाळेत शिकतो, माझ्या कानात कुजबुजला, "बाबा, आम्ही तर गुरुवारीच येऊन गेलो. उघडायच्या आधी ट्रायलला शाळेला बोलावलं होतं. मनूताईने सांगितलंय, काकांना बोललास तर खैर नाही."

पाणबुडीत मी त्या दोघांच्या मागेच बसलो होतो. साडूंना सहा वर्षांचं सगळं एका श्वासात सांगायचं होतं. "आता अंधार होणार हं!" अंधार झाला, आणि मनू किंचाळली. "आता कोण येणार, बाबा?" तिने विचारलं. राक्षस आला तेव्हा तिने डोळे मिटून बापाचा दंड घट्ट धरला. अगदी जिथे घाबरायला हवं तिथे घाबरली, एक जागा चुकली नाही. माझे डोळे भरून आले, आणि अंधार होता म्हणून बरं झालं.

परतताना बसमध्ये मनू खिडकीला डोकं टेकून झोपली. साडू माझ्याकडे वाकून हळूच, पण विलक्षण आनंदाने म्हणाले, "पाहिलंत ना साडूभाऊ? मी उगाच काळजी करत होतो. अजून लहानच आहे."

"हो," मी म्हटलं, "अगदी लहान आहे."