विलासच्या मांडीवरचा पखवाज

आमच्या भजन मंडळात टाळ हरवतात, सतरंज्या हरवतात, किस्से मात्र एकही हरवत नाही! धामापूरच्या देवीच्या देवळात जमलो की चहा यायच्या आधीच कुणीतरी विलासचा विषय काढतो. विलास आमचा पखवाजवाला, माझा बालमित्र. लहानपणापासून त्याच्या उजव्या मांडीचं हाड ठिसूळ. उंबऱ्याला अडखळला तरी प्लास्टर!

*

म्हणून तर मंडळ चालवणाऱ्या बुवांनी त्याच्या हाती पखवाज दिला. "तुजी हाडां नाजूक. तू बस!" हे वाक्य मग बुवांच्या तोंडीच बसलं. सतरंजी उचलायला गेला, "तू बस!" समई सरकवायला गेला, "तू बस!"

एकदा विलास भडकला. "बुवा, माज्या लग्नात तरी माका उभो ऱ्हवाक देशात मां?"

*

गेल्या वर्षी पखवाज त्याच्या मांडीवर वाकडा बसायला लागला. आम्ही सगळे एक्स्पर्ट! कुणी म्हणे लाकूड फुगलं, कुणी म्हणे चामड्याची वादी ओढली गेली. पखवाज कुडाळला रिपेअरला धाडला. कारागिराने तसाच परत केला. "पखवाजाक काय्येक जावक नाय."

विलासची बायको संगीता ऐकत होती. "मगे मांडयेक झाला आसतला," म्हणाली, आणि तिथेच चाचपून गाठ दाखवली.

"हाडाचाच काय ता," आम्ही म्हणालो. तिने ढुंकूनही बघितलं नाही. सकाळच्या गाडीने नवऱ्याला घेऊन गोव्याचं हॉस्पिटल गाठलं.

*

तुकडा काढून तपासला. कॅन्सर! तोही हाडाचा नाही, मांडीच्या मांसातला. डॉक्टर म्हणाले, "हाडाचं दुखणं आणि ही गाठ एकाच माणसाला, असं फार क्वचित दिसतं. पाय वाचेलच, असं सांगता येत नाही."

सोबत गेलेला मी संगीताकडे बघायला लागलो. विलास मात्र म्हणाला, "डॉक्टर, जत्रेत आमची भजनाची बारी आहे. पाय घेऊन जाणार मी."

"आधी जीव घेऊन जा!"

"दोन्ही नेतो."

*

ऑपरेशननंतर हा पठ्ठ्या कॉटवर पडून जेवणाच्या डब्यावर ठेका धरायचा. सिस्टरने डबा काढून घेतला. याने बादली जवळ ओढली! एक दिवस ताप होता म्हणून गप्प राहिला, तर तीच धावत आली. "आज वाजवत का नाही? काही होतंय का?"

*

पाय वाचला, पण गुडघा वाकेना. मांडी घालणं कायमचं संपलं. जत्रेच्या दिवशी आम्ही खुर्ची आणली.

"देवीसमोर खुर्चेर? नाय," विलास म्हणाला. "उभ्यान वाजवतलंय." पखवाज पट्ट्याने गळ्यात अडकवला आणि खांबाला पाठ लावली.

बुवा बघत राहिले. मग म्हाताऱ्याने पेटी टेबलावर ठेवायला लावली. "पखवाज उभो, तर मीय उभो!" झालं, अख्खं मंडळ उठलं. माझे डोळे भरून आले, टाळ दिसेनात.

गजर रंगला आणि बुवांचे गुडघे लटपटायला लागले. आम्हाला दिसत होतं, पण बुवांना सांगणार कोण?

विलासने एकही थाप न चुकवता मान वळवली, आणि माइकमधून सगळ्या देवळाला ऐकू गेलं:

"बुवा, तुमची हाडां नाजूक. तुमी बसा!"