कात्रीवाले डॉक्टर

माझ्या दादाला खुर्चीत बसलेला बघायचं असेल तर त्याच्या लग्नाचा अल्बम उघडावा लागतो. एरवी पायाला भिंगरी. तो लहान मुलांच्या हाडांचा डॉक्टर आहे आणि त्याच्या छोट्याशा हॉस्पिटलच्या काउंटरवर मी बसते, म्हणजे दिवसभर त्याच्या फेऱ्या बघणं हे माझं अर्धं काम. चहा उभ्याने, जेवण उभ्याने. फोन आला की बोलत बोलत जिना चढतो आणि बोलणं संपलं की वर कशाला आलो ते न आठवून खाली उतरतो. वहिनी म्हणते, ह्यांना बसवायचं तर ह्यांनाच प्लास्टर घालावं लागेल.

मुलांमध्ये मात्र तो कात्रीवाले डॉक्टर म्हणून ओळखला जातो. पोरं पडतात, पडताना हात टेकतात, आणि कोपराच्या जरा वर, जिथे दंडाचं हाड पातळ असतं, तिथेच ते मोडतं. त्या जागेला लागूनच बोटांकडे जाणाऱ्या नसा असतात. म्हणून दादा हाडाआधी बोटं बघतो, आणि तीही दगड-कागद-कात्री खेळून. मूठ वळली तर एक नस शाबूत, पंजा सरळ उघडला तर दुसरी, दोन बोटं फाकून कात्री झाली तर तिसरी. तो स्वतः कायम कागद करतो, त्यामुळे जिंकायचं तर मुलाला कात्री करावीच लागते. रडून लाल झालेली पोरंसुद्धा डॉक्टरला हरवायला मिळतंय म्हटल्यावर नाक पुसून बोटं उघडतात.

त्या दुपारी एक सुतार मिस्त्री मुलीला कडेवर घेऊन धावतच आत आला. घरी तिला टिकली म्हणायचे. त्याच्या कारखान्यात रचून ठेवलेल्या फळ्यांवर चढली होती, तिथून खाली. कोपर सुजून भोपळा झालेलं आणि मनगटाला नाडी लागेना. दादाचा चेहराच उतरला. मोडक्या हाडाखाली रक्तवाहिनी दबली असणार, ती लवकर सुटली नाही तर हात कायमचा अधू होणार. तरी त्याने खेळ मांडला. टिकलीने मूठ वळली, पंजा उघडला, आणि कात्रीची पाळी आली तशी त्याच्या मनगटाला कडकडून चावली. एरवी त्याने तिला हसवून पुन्हा विचारलं असतं. त्या दिवशी म्हणाला, "राहू दे, आधी आत घ्या."

ऑपरेशन चांगलं झालं. भूल देऊन, कुठेही न कापता, पडद्यावर बघत बघत त्याने हाड ओढून जागेवर बसवलं आणि ते हलू नये म्हणून कोपराच्या दोन्ही बाजूंनी बारीक तारा घातल्या. नाडी परत आली, बोटं गुलाबी झाली. मिस्त्रीने तर झाडलोट करणाऱ्या मावशींनाही हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिकली खुशीत होती. दादाने कागद केला. ती कात्री करायला गेली, आणि दोन बोटं चिकटवल्यासारखी एकमेकांना लागून राहिली. करंगळीला हात लावला तर तिला कळत नव्हतं.

दादा काउंटरवर आला, माझं पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं.

"पडतानाच नस दुखावली असेल," मी म्हटलं.

"असेल. नाहीतर माझ्या आतल्या बाजूच्या तारेने. ती नस तिथूनच जाते."

"मग आता?"

"पडल्यामुळे असेल तर काही करायचं नाही, वाट बघायची. तार लागली असेल तर ती आजच काढायला हवी. आणि उगाच काढायला गेलो तर पोरीला पुन्हा भूल, शिवाय बसवलेलं हाड सरकायची भीती. काल कात्री बघितली असती तर आज कळलं असतं."

"अरे, नाडी लागत नव्हती. कुणीही हेच केलं असतं."

"ते टिकलीच्या बोटांना सांग."

मग सुरू झाली त्याची वणवण. नर्सला विचार, एक्स-रेवाल्याला विचार, मावशींना विचार: काल त्या मुलीने बोटं फाकलेली कुणी बघितली का? आरोपीने स्वतःच्याच विरुद्ध साक्षीदार शोधत फिरावं तसा तो मजल्यामजल्यावर फिरत होता. मला बघवेना. शेवटी जिन्यात त्याची वाट अडवली.

"कुणी बघितलं नसेल तर तुझ्यावर काही येत नाही. मग ज्याचं उत्तर तुझ्यावरच शेकणार ते उकरतोस कशाला?"

 तो बाजूने वाट काढून खाली उतरला. मला त्याचा राग आला होता आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती. इतक्या वर्षांचं नाव एका तारेपायी जाईल असं वाटत होतं.

मिस्त्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसला होता. दादा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. मीही मागोमाग गेले.

"मिस्त्री, काल इथे येईपर्यंत तिने ह्या हाताची बोटं हलवली होती का?"

"हलवली की. रिक्षात थांबेचना रडायची. म्हटलं, बरी झालीस की आईस्क्रीम, किती पाहिजेत सांग. दुसऱ्या हाताने माझा शर्ट धरलेला, तो काही सोडेना. मग ह्याच हाताने दाखवलं, दोन."

"दोन बोटं कशी होती? जोडलेली?"

मिस्त्रीने स्वतःची दोन बोटं चांगली फाकून समोर धरली. "अशी."



"मग चूक माझी आहे," दादा म्हणाला. तार कुठून गेली, नस कुठे असते, काल काय बघायचं राहून गेलं, सगळं त्याने सांगितलं. मिस्त्री ऐकत होता. नजर खाली, अंगठ्याने बाकाची कड चाचपत.

"म्हणजे खिळा चुकला," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"मग काढा आणि दुसरीकडून मारा. आमचाही चुकतो." तो उठून उभा राहिला. "पण डॉक्टर, फळीला दुखत नाही."

दादाने मान खाली घातली. त्याच दुपारी आतल्या बाजूची तार निघाली आणि बाहेरच्या बाजूने दुसरी गेली. हाड जागचं हललं नाही.

पुढे नुसती वाट बघणं, आणि तेच तर दादाला येत नाही. यथावकाश प्लास्टर सुटलं, तारा निघाल्या, कोपर वाकायला लागलं. कात्री तेवढी उघडेना. उभ्याने जेवताना दादाचा डावा हात टेबलावर आपोआप कात्री उघडत-मिटत राहायचा आणि वहिनी वाढत राहायची. दिवसातून कितीदा तरी काउंटरवर डोकावून विचारायचा, "मिस्त्री आले का?" आज त्यांची तारीख नाही, हे मी सांगून सांगून थकले.

टिकलीही हिरमुसली. प्रत्येक वेळी हरायची. मग दादाने तिच्यापुरता आपला नियम मोडला. स्वतःच कात्री करायला लागला, म्हणजे तिच्या मुठीने तरी ती जिंकावी. ती जिंकायची, पण हसायची नाही. पोरं इतकी काही भोळी नसतात.

एका सकाळी मी केसपेपर द्यायला आत गेले तेव्हा दोघं समोरासमोर होते आणि मिस्त्री भिंतीला टेकून उभा होता. दादाने सवयीने कात्री केली. टिकलीने हात पुढे केला. दोन बोटं, वाकडी, लटपटणारी, आणि मधे फट.

मिस्त्री भिंतीपासून पुढे सरकला. टिकली मात्र भडकली.

"हे काय? बरोबरी झाली. मी घरी इतके दिवस करून बघत होते. तुम्ही कागद का नाही केला?"

"चुकलं माझं," दादा म्हणाला. त्याने खुर्ची ओढली, तिच्यासमोर चक्क बसला आणि पंजा उघडून पुढे धरला. 

"हं. काप आता."

तिने ती दोन वाकडी बोटं त्याच्या तळहाताच्या कडेला लावली आणि जीभ बाहेर काढून, मन लावून कापायला घेतलं. बाहेर फोन वाजत होता. दादा उठला नाही.