मलाबी घे की

चंदगडच्या एसटीत माझ्या शेजारी साठीतल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांच्या मोबाईलवर कुणा नटाच्या घटस्फोटावरून बातम्यांतला निवेदक ओरडून भांडत होता.

"नांदायचं त्या दोघांनी, आन् घसा ह्यो बसवून घेतोय," त्या मला म्हणाल्या. माझ्या बाटलीतल्या ग्रीन टीकडं बघून त्यांनी नाक मुरडलं. "पावणं, हे गवताचं पाणी म्हशीलाबी चालायचं न्हाय."

मग घरचं निघालं. सुनेनं शेतात नाचून रील टाकलं होतं. भावकीत बोभाटा झाला. मुलगा मोबाईल फोडायला उठला, सून रडून उपाशी झोपली.

"मग?"

"मग काय? सकाळी पदर खोचला आन् तिला म्हटलं, आता मलाबी घे की. सासूच नाचतीया म्हटल्यावर बोलतंय कोण?"

त्यांनी रील दाखवलं. लुगड्यातल्या सासूचा पाय चुकत होता आणि सून हसून वाकली होती.

त्यांच्या गावाच्या थांब्यावर सून स्कूटी घेऊन उभी होती. तिथल्या बायका तिच्याकडं बघून कुजबुजत होत्या. बाईंनी उतरताच त्यांना मोठ्यानं "बऱ्या हाय न्हवं?" म्हणून विचारलं आणि सुनेच्या खांद्यावर हात टाकून त्या ऐटीत मागं बसल्या.