तीनदा खट

आमच्या गुणगुणच्या त्या गाण्याच्या सुरुवातीला तीनदा ‘खट’ असा आवाज येतो आणि मग थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही. त्या काहीच नसण्यावर लोक इतकं डोकं चालवतात की हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा, कळत नाही. तिच्या कार्यक्रमात मी मागच्या खुर्चीवर बसते, तेव्हा सगळं कानावर येतं. एक जण म्हणत होता, कोणीतरी कायमचं दार लावून गेलं त्याचा तो आवाज. एका शिकल्यासवरल्या बाईंनी तर ती शांतता म्हणजे विरहाची पोकळी आहे, असं मला समजावून सांगितलं. मी मान डोलावली. खरं सांगत बसले असते तर त्यांचा चहा गार झाला असता.

ते बटण आहे. इस्त्रीच्या मोठ्या रोलरशेजारी लोखंडी खोक्यावर बसवलेलं लाल बटण, अंगठ्याने दाबून दाबून मधोमध खोलगट झालेलं.

आमची लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान नव्हे. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी इथे ट्रक भरून येतात. धुतलेली चादर रोलरमधून सपाट होऊन बाहेर पडते आणि दोघी जणी तिची घडी घालतात. ताणायची, झटकायची, दोन पावलं पुढे यायचं, टोकाला टोक लावायचं, पुन्हा मागे सरायचं. दिवसातून पाचशे वेळा. माझ्यासमोर नऊ वर्षं एकच पोरगी उभी आहे. तिचं खरं नाव हजेरीपटात असेल. बाकी सगळ्यांसाठी ती गुणगुण, कारण तिचं तोंड बंद असलं तरी आतून काहीतरी चालूच असतं. मला सगळ्या मावशी म्हणतात. नाकावर राग असलेली मावशी, असं माझ्या पाठीमागे म्हणतात, तेही मला ठाऊक आहे.

गुणगुणच्या पाठीशी कुठली कंपनी नाही की कोणी वशिल्याचा नाही. ती स्वतः लिहिते, स्वतः चाल लावते आणि जेवणाच्या सुटीत चादरींच्या गठ्ठ्यांच्या मधल्या फटीत शिरून फोनवर गाते. तिथे आवाज घुमत नाही, कापूस सगळा घुमारा पिऊन टाकतो. तिच्या गाण्यातली ती काळी नदी म्हणजे धुलाई खात्यातली गटार. आणि ज्या गाण्यावर जोडपी एकमेकांचे हात धरतात, ते ‘तुझ्या माझ्यात दोन पावलं’, ते माझ्यावर आहे. छप्पन्न वर्षांची मी, डावा गुडघा दुखरा. दुसरं पाऊल मला उशिरा पडतं, म्हणून त्या गाण्यात ताल मध्येच थांबतो. लोक त्याला हुरहूर म्हणतात. म्हणोत बापडे.

रोलर चालवायचे ते तिचे बाबा. रोलरवाले. सव्वीस वर्षं एकाच मशीनवर. मितभाषी माणूस, अंगातला शर्ट कायम कडक इस्त्रीचा. त्यांच्या कामाचा एक नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता: मशीन चालू करण्याआधी लाल बटण दाबून तीनदा घंटा द्यायची, घंटा ऐकायची, पाच आकडे मोजायचे आणि मगच खटका ओढायचा. रोलरवाल्यांनी हा नियम कधी मोडला नाही, हे मी कुठेही सांगेन.

तो अपघात झाला तेव्हा आम्ही सगळ्या चहाला बाहेर होतो. आतली मशीनं बंद. चष्मेवाली म्हणून एक शांत बाई आमच्यात आहे, ती रोलरच्या मागे वाकून अडकलेला कापसाचा भुगा काढत बसली होती. चहा पीत नाही, म्हणून ते काम नेहमी तिच्याच गळ्यात. रोलरवाले आत गेले आणि दोन मिनिटांत किंकाळी ऐकू आली. आम्ही धावत पोचलो तोवर त्यांनी मशीन थांबवलं होतं. चष्मेवालीच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

तिच्या गळ्यात इअरफोनची वायर लोंबत होती. तेवढं साहेबांना पुरलं. कानात गाणी घालून बसली, घंटा ऐकली नाही, चूक तिची. ती दवाखान्यातून एकच सांगत होती, “माझा एक कान मोकळा होता. घंटा वाजलीच नाही.” चौकशीसाठी आम्हा वीस जणींचे जबाब घेतले. वीसच्या वीस जणींनी सांगितलं की घंटा रोज वाजते, त्या दिवशीही वाजली असणार. मीही सांगितलं. रोलरवाले खोटं बोलत नाहीत, मग खोटं कोण बोलतंय ते उघड आहे, असा माझा सरळ हिशोब होता.

गुणगुणचं गुणगुणणं त्या दिवसापासून थांबलं. चष्मेवालीच्या कानात तिचंच गाणं वाजत होतं, हे सगळ्यांना कळलं होतं आणि दोघी-तिघींनी तिला ते तोंडावर ऐकवलंही. आम्ही मुक्याने घड्या घालत होतो. 

चौकशीची शेवटची बैठक गुरुवारी ठरली. तीत चष्मेवालीला दोषी ठरवून कामावरून काढणार, हे शिपायालासुद्धा माहीत होतं. बुधवारी जेवणाच्या सुटीत गुणगुणने मला गठ्ठ्यांच्या फटीत ओढलं.

“मावशी, एक ऐका. आणि मध्ये बोलू नका.”

तिने फोन माझ्या कानाला लावला. आधी रिकाम्या हॉलचा आवाज, कुठेतरी नळ ठिबकतोय. मग चपलांची चाहूल. मग खट, खट, खट. मग काहीच नाही. मी मनात पाच मोजले, सवयीने. मग रोलरची घरघर सुरू झाली आणि गुणगुणने घाईने फोन बंद केला.

“हे त्या दिवशीचं?”

“मला मशीन सुरू होतानाचा आवाज हवा होता गाण्यासाठी. चहाला जाताना फोन शेल्फवर चालू ठेवून गेले होते.” तिचा चेहरा उतरला होता. “घंटा नाहीये, मावशी.”

 अपघाताच्या आदल्या दिवशी सुटी होती, तेव्हा भिंतीला रंग दिला होता. तेव्हाच कोणीतरी घंटेची वायर सोडवली असणार आणि पुन्हा जोडायला विसरलं असणार; अपघातानंतर तपासणीआधी ती गुपचूप जोडूनही टाकली असणार. म्हणजे त्या दिवशी सकाळी मशीन सुरू झालं तेव्हाही ती वाजली नव्हती. आम्ही वीस जणी तिथे उभ्या होतो आणि एकीच्याही लक्षात आलं नव्हतं. रोज ऐकून ऐकून आमचे कान ती घंटा स्वतःच वाजवून घेत होते.

“मग तुझ्या बाबांना कसं नाही कळलं?” मी विचारलं. “बटण दाबलं, घंटा वाजली नाही, तरी माणूस खटका ओढतो?”

तिने चादरीच्या गठ्ठ्यावर डोकं टेकवलं. “त्यांना ऐकू येत नाही. सहा वर्षं झाली. आता तर काहीच नाही.”

मला ते पटेना. सव्वीस वर्षं मी त्या माणसाबरोबर काम करते. पण आमच्या हॉलमध्ये मशीनच्या गोंगाटात कोणालाच काही ऐकू येत नाही. सगळे हातांनी बोलतात, ओठ वाचतात. बहिऱ्या माणसाला लपायला याहून चांगली जागा नसेल. मला एकदम त्यांच्या घरातलं आठवलं. गुणगुण गायला बसली की ते गिटारीच्या पोटावर तळवा ठेवून डोळे मिटायचे. मला वाटायचं, किती कौतुक बापाला.

“त्यांना दोन वर्षांनी निवृत्त व्हायचंय,” ती म्हणाली. “कान गेलेला माणूस रोलरवर ठेवत नाहीत. म्हणून मीच म्हटलं होतं, बाबा, कोणाला सांगू नका, आपण निभावून नेऊ. मीच म्हटलं होतं.”

इथे मी काय बोलले ते लिहायला लाज वाटते, पण लिहायलाच हवं. मी म्हटलं, “पुसून टाक.”

तिने माझ्याकडे बघितलं.

“चष्मेवालीची बोटं काही परत येणार नाहीत,” मी म्हटलं. “तुझ्या बापाचं नाव मात्र मातीत जाईल. सगळं त्यांच्याच माथी मारतील, वायरीचं नाव कोणी काढणार नाही. पुसून टाक आणि विसर.”

“आणि ती घरी बसून काय करेल, मावशी? उजवा हात गेला, वर खोटारडी ठरली.”

मी चिडले. “मग मला कशाला ऐकवलंस?”

“एकटीने पेलत नव्हतं,” ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी रोलरवाले बैठकीच्या खोलीबाहेर उभे होते, पाठमोरे, नोटीस बोर्ड वाचत. कॉरिडॉर शांत होता. मी तीन पावलांवर थांबले आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, “रोलरवाले.” ते वळले नाहीत. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. ते वाचतच राहिले. मग माझी सावली बोर्डावर पडली आणि ते लगेच हसून वळले. “या ताई. मी माझं सांगतो आणि मोकळा होतो. मी घंटा दिली होती, शपथेवर सांगेन.” बोलताना त्यांची नजर माझ्या ओठांवर होती. ती सहा वर्षं तिथेच असणार, आणि मी आज पाहिली. 

आत लांब टेबल. साहेब, बाहेरून आलेले एक अधिकारी, जबाब लिहून घेणारी एक मुलगी. चष्मेवाली हात मांडीवर झाकून बसली होती. मी घडीवाल्यांच्या वतीने. गुणगुणला बोलावलेलंच नव्हतं, तरी ती आली. खांद्यावर कार्यक्रमाचा काळा स्पीकर, ठोकळ्यासारखा.

साहेब म्हणाले, “इथे गाण्याचा कार्यक्रम नाहीये.”

“एकच मिनिट लागेल, त्या दिवशीचं रेकॉर्डिंग आहे,” ती म्हणाली आणि स्पीकर टेबलावर ठेवला. तो नीट ठेवायला तिला चार प्रयत्न लागले. बाबांकडे तिने एकदाही बघितलं नाही. मला वाटलं, ही आता मागे फिरेल. खरं सांगते, तिने मागे फिरावं असंच मला वाटत होतं.

तिने बटण दाबलं. नळ ठिबकला. चपला आल्या. खट, खट, खट. मग शांतता.  पाच आकड्यांएवढी ती शांतता मला जन्मभर पुरेल. मग घरघर सुरू झाली, आणि किंकाळीच्या आधीच गुणगुणने ते थांबवलं.

चष्मेवाली रडायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत. अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. सगळे रोलरवाल्यांकडे बघत होते.

रोलरवाले मात्र एकेकाचा चेहरा न्याहाळत होते. मग ते मुलीकडे वळले. त्यांना वाटलं असावं की हा पुरावा त्यांच्याच बाजूचा आहे, लेकीने बापासाठी आणलेला. ते अभिमानाने, गरजेपेक्षा मोठ्या आवाजात म्हणाले, “ऐकलंत ना? तीनदा दिली होती मी. वाजली ना?”

  त्यांना ऐकू येत नाही, हे तेव्हा साहेबांना समजलं, सगळ्यांनाच समजलं.

गुणगुणने बापाच्या डोळ्यांत बघून नकारार्थी मान हलवली.

 ते खुर्चीवरून उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि स्पीकरच्या जाळीवर उजवा तळवा पसरून ठेवला. लाल बटण दाबून दाबून खोलगट करणारा तोच अंगठा.

“परत लाव,” ते म्हणाले.

तिने लावलं. या वेळी आम्ही कोणी आवाजाकडे लक्ष दिलं नाही; सगळ्यांचं लक्ष त्या हातावर होतं. खट, खट, खट. हात तसाच. शांतता. हात तसाच. मग घरघर आली आणि त्यांची बोटं एकदम आखडली.

“हा रोलर,” ते म्हणाले. “त्याच्या आधी काही नाही.”

“बाबा,” गुणगुण म्हणाली. 

त्यांनी तिच्या डोक्यावर डावा हात ठेवला, अगदी क्षणभर, आणि लिहिणाऱ्या मुलीकडे वळले. “लिहून घ्या, बाळ. बटण मी दाबलं. घंटा वाजली नाही. मशीन मी चालू केलं. या बाई खरं बोलत होत्या.” ती लिहीपर्यंत ते थांबले, तिच्या पेनाकडे बघत. मग म्हणाले, “आणि मला ऐकू येत नाही. सहा वर्षं. तेही लिहा.”

साहेबांनी घसा खाकरला आणि बैठक संपली असं म्हणणार, एवढ्यात मी हात वर केला. माझा दुखरा गुडघा टेबलाला आपटला. मी म्हटलं, त्या दिवशी सकाळीही घंटा वाजली नव्हती आणि मी तिथेच उभी होते, माझा आधीचा जबाब खोडून टाका.